शेजारचं लोखंड

शाल्मलीचं लग्न ठरलं तेव्हा सदानंद ओगल्यांना खरा आनंद झाला तो जावयाच्या नोकरीचा नव्हे, की त्याच्या उंचीचाही नव्हे. मुलीचं सासर कुंपणापलीकडे होतं, याचा झाला. मुलगी सासरी निघाली की बाकीचे बाप मांडवाच्या दारात रडतात. ओगले आपल्या गॅलरीत येऊन सावकाश, व्यवस्थित रडले. रडून होतंय न होतंय तोच समोरच्या इमारतीतून नव्या नवरीने हाक मारली, "बाबा, आत जा! ऊन लागेल."

शिरगळ बंदरात, खाडीच्या तोंडाशी या दोन इमारती. ओगल्यांची 'जलतरंग', लांबलचक, काचेच्या गॅलऱ्यांची. व्याह्यांची 'विद्याधाम', शिक्षकांनी सोसायटी करून बांधलेली, कधीकाळी पिवळी. मध्ये छातीएवढं कुंपण. ओगल्यांची सगळी नोकरी भूमी अभिलेख खात्यात गेली होती. लोकांच्या जमिनी मोजून हद्दीवर दगड बसवून देणं हे काम त्यांनी इतकी वर्षं केलं, की कुंपण आलं म्हणजे पलीकडच्या भानगडीशी आपला संबंध संपतो अशी त्यांची जवळजवळ धार्मिक श्रद्धा झाली होती. मुलगी तेवढी अपवाद.

व्याही दत्ताराम नागवेकर हे जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. अख्खं शिरगळ त्यांना गुरुजी म्हणे. माणूस तत्त्वाचा, आणि तत्त्वाच्या माणसाशी सोयरीक म्हणजे काय ते ओगल्यांना बैठकीतच कळलं. "नारळ आणि मुलगी," गुरुजी म्हणाले होते. "तिसरी वस्तू मांडवात दिसली, तर मी चपला घालून निघेन." सगळेच वरपिते असं म्हणतात, असं समजून ओगल्यांकडच्या मंडळींनी मुकाट्याने चांदीचं ताट आणलं. गुरुजींनी चपला घातल्या. ताट रिक्षात बसून परत गेलं तेव्हाच त्या पुन्हा पायांतून निघाल्या. पुढे दिवाळीत शैलाताईंनी, म्हणजे ओगल्यांच्या पत्नीने, विहीणबाईंना डबाभर अनारसे पाठवले. डबा परत आला तो कोकमांनी भरून. "यांनी तागडीत घालून बरोबरीचं भरलंय हो," सुलभाताई विहीणबाई ओशाळून म्हणाल्या.

तेव्हाचा काळ किनाऱ्यावरच्या इमारतींना वाईट होता. समुद्र वर आला होता म्हणजे रस्त्यावर आला होता असं नाही. तो खालून आला होता. भरतीला खारं पाणी पायापर्यंत चढे आणि ओहोटीला उतरताना मीठ तिथेच ठेवून जाई. बऱ्याच इमारती बसल्यावर सरकारने नियम केला: किनाऱ्यावरच्या प्रत्येक इमारतीने एका खांबात सरकारी तपासणी-सुई बसवायची आणि आपल्या लोखंडाची किती वर्षं उरली ते फाटकावरच्या फलकावर दाखवायचं. हिरवा आकडा म्हणजे निश्चिंती, पिवळा म्हणजे काळजी, लाल म्हणजे सामान बांधा. स्थळ बघायला येणारे लोक आता आधी फलक बघत, मग मुलगा. जलतरंगचा आकडा पिवळा झाला, तेव्हा चौथ्या मजल्यावरच्या दोन मुलांची जमलेली लग्नं मोडली, आणि सोसायटीने 'लोहरक्षक' बसवायचं ठरवलं.

लोहरक्षकाची कल्पना सोपी होती. काँक्रीटमधलं लोखंड एरवी सुखात असतं. सिमेंटच्या अल्कलीमुळे त्याच्या अंगावर एक पातळ पापुद्रा येतो आणि त्याच्या आत ते शंभर वर्षं झोपू शकतं. मीठ त्या पापुद्र्याला भोक पाडतं. मग लोखंड गंजतं, आणि गंजाला लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून तो फुगून काँक्रीट आतून फोडतो. पण गंजणं हा मुळात विजेचा व्यवहार आहे. लोखंडाचा अणू आपले इलेक्ट्रॉन मागे सोडतो आणि स्वतः पाण्यात विरघळून निघून जातो. त्याला बाहेरून इलेक्ट्रॉन पुरवत राहिलं, तर निघून जायचं त्याला कारण उरत नाही. जहाजांसाठी आणि तेलाच्या नळांसाठी ही युक्ती जुनीच होती. इमारतींसाठी नवा होता तो एक गिलावा. समुद्राची दमट हवा पिऊन तो कायम ओलसर राहतो आणि करंट वरच्या मजल्यांपर्यंत नेतो. जमिनीत खोल एक कांडी पुरायची. तिच्यातून सोडलेला करंट ओल्या मातीतून आणि गिलाव्यातून इमारतीच्या सळ्यांमध्ये शिरतो आणि तारेने पेटीत परत येतो. ती पेटी हुशार. कुठे कमी पडतंय हे पाहून ती आपणहून करंट वाढवते.

कंपनीच्या आराखड्यात ही कांडी आवाराच्या मधोमध होती. मधोमध पार्किंग होतं.

"विज्ञानाबद्दल मला आदर आहे," अध्यक्ष प्रभुदेसाई वकील सभेत म्हणाले, "पण तिथे माझी गाडी असते."

दुसऱ्या पर्यायी जागेवर डॉक्टर हळबे यांची गाडी असे. तिसऱ्या जागी गाडी नव्हती, पण तिथे उद्या गाडी येऊ शकते असं तिच्या मालकाचं म्हणणं पडलं. दोन तास चर्चा होऊन कांडी फाटकाजवळच्या कोपऱ्यात, कचऱ्याच्या डब्यांमागे, अगदी कुंपणाला लागून पुरावी असं एकमताने ठरलं. जागा आखून द्यायचं काम अर्थातच सेक्रेटरी ओगल्यांकडे आलं. त्यांनी टेप धरला, खुंटी ठोकली आणि अभिमानाने सांगितलं, "कुंपणाच्या वीतभर आत. शेजाऱ्यांच्या बापाला हरकत घेता येणार नाही."

कांडी पुरली. जलतरंगचा आकडा पिवळ्यातून हिरव्यात गेला आणि सोसायटीत पेढे वाटले गेले. गंमत म्हणजे वर्षभरात विद्याधामचाही आकडा वाढायला लागला. तिथे यंत्र नव्हतं, गिलावा नव्हता, साधा रंगही नव्हता. गुरुजी रोज सकाळी फिरून येताना आपल्या फलकापुढे उभे राहत.

"औषध न घेता तब्येत सुधारतेय, ओगलेसाहेब," ते कुंपणावरून म्हणत. "आमच्या वेळी सिमेंटमध्ये सिमेंट घालत असत."

वार्षिक तपासणीला कंपनीची इंजिनियर आली, रेश्मा तांडेल. तिशीची, सडपातळ, समोरचा माणूस बोलत असताना पेटीकडे बघणारी. तिने पेटी उघडली, आकडे पाहिले आणि पुन्हा पाहिले.

"काका, तुमची पेटी गरजेच्या दुप्पट करंट सोडतेय."

"मग चांगलंच की! जास्त रक्षण."

"तुमच्या लोखंडाला पुरेसाच मिळतोय. बाकीचा दुसरीकडे जातोय, म्हणून पेटी आणखी सोडतेय." तिने मान वळवून कुंपणापलीकडे पाहिलं. "ती इमारत कुणाची?"

"माझ्या मुलीची," ओगले म्हणाले. मग जमीन मोजणाऱ्याला शोभेल अशी दुरुस्ती केली, "म्हणजे तिच्या सासऱ्यांची सोसायटी आहे."

तांडेलने चपलेच्या टोकाने मातीत दोन चौकोन काढले आणि मध्ये कांडीचा एक ठिपका दिला. करंट आळशी असतो, ती म्हणाली. ओल्या मातीतून जाण्यापेक्षा त्याला लोखंडातून जाणं सोपं. ठिपक्याजवळ विद्याधामचे पुढचे खांब आहेत, तिथे तो चढतो. त्यांच्या सळ्यांमधून फुकट प्रवास करतो. मागच्या बाजूला, जिथे जलतरंगचा पाया त्यांच्या जवळ येतो, तिथे उतरून आपल्या घरी येतो. "चढतो तिथे काही बिघडत नाही. उलट लोखंड सुधारतं. उतरतो तिथे मात्र लोखंड सोबत घेऊन उतरतो."

"पण त्यांचा आकडा तर वाढतोय!"

"तपासणीची सुई कुठल्या खांबात आहे?"

ओगल्यांनी पाहिलं. सुई पुढच्या खांबात होती, फाटकाजवळ. फलकापर्यंत वायर कमी लागावी म्हणून.

"आणि मागे?" त्यांनी विचारलं. उत्तर त्यांना माहीत होतं. मागे स्वयंपाकघरं होती. तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात या क्षणी शाल्मली बहुधा आमटीला फोडणी देत होती.

"मागचं मला खणल्याशिवाय सांगता येणार नाही. यात वाईट असं, की मातीत पाणी भरपूर आणि हवा कमी. लोखंड गंजून फुगत नाही, विरघळून धुऊन जातं. त्यामुळे भिंतीला तडे जात नाहीत. आधी कळत नाही." तांडेलने हात झटकले. "उपाय आहे, घाबरू नका. तुमच्या आणि त्यांच्या लोखंडात जाड तांब्याची तार जोडायची. मग करंट तारेने परत येईल, लोखंड न घेता. अर्ध्या दिवसाचं काम. पण त्यांचा खांब थोडा फोडावा लागेल, तेव्हा त्यांची परवानगी लागेल. तोपर्यंत पेटी बंद ठेवा."

संध्याकाळी कमिटी बसली. पेटी बंद ठेवायचा विषय निघताच हळब्यांनी सांगितलं की त्यांच्या भाचीला बघायला परवा पाहुणे येतायत. पेटी बंद झाली की आकडा उतरणार. आकडा उतरला की पाहुणे जिन्यावरूनच उतरणार. पेटी चालू राहिली.

"तार द्यायला माझी ना नाही," प्रभुदेसाई म्हणाले. "सोसायटीच्या खर्चाने द्या. पण ओगले, एक शब्द इकडचा तिकडे होता कामा नये. आपल्यामुळे त्यांचं लोखंड जातंय असं तुम्ही म्हणालात, की ते कोर्टात जाणार आणि आपण सगळे रस्त्यावर. तुम्ही व्याही आहात ना? मग सोपं आहे. भेट म्हणून द्या."

ओगल्यांना ते खरंच सोपं वाटलं. खोटं बोलायचं नव्हतं, फक्त खऱ्याचा एक तुकडा घरी ठेवून जायचं होतं. आणि मुलीच्या सासरी जाऊन 'आम्ही तुमचं घर पोखरतोय' असं कुठला बाप सांगेल? मुलीकडच्या माणसाने तिथे खुर्चीच्या कडेवर बसायचं असतं, चहा छान झालाय म्हणायचं असतं. ओगले इस्त्रीचा शर्ट घालून गेले आणि खुर्चीच्या कडेवर बसले.

"चहा छान झालाय," ते म्हणाले.

"साखर जास्त पडलीय," गुरुजी म्हणाले. "बोला, व्याहीबुवा. असा शर्ट घालून तुम्ही उगीच येणार नाही."

"तसं काही नाही. आमच्या सोसायटीला वाटलं की विद्याधामसाठी काहीतरी करावं. शेजारधर्म. त्यातून आपलं नातं. एक तांब्याची तार आहे, जरा जाड. ती तुमच्या आणि आमच्या लोखंडाला जोडली की आमच्या यंत्राचा थोडा लाभ तुम्हालाही…"

"किती जाड?"

ओगल्यांनी अंगठा दाखवला.

गुरुजी शांतपणे हसले. स्वयंपाकघराच्या दारात शाल्मली उभी होती, तिच्या मागे सुलभाताई. "विहीणबाईंचे अनारसे मी परत केले," गुरुजी म्हणाले, "आणि तुम्ही अंगठ्याएवढं तांबं घेऊन आलात. ओगलेसाहेब, मुलीच्या बापाकडून मी सुतळीचा तोडा घेतलेला नाही. उद्या लोक म्हणतील, नागवेकराने हुंडा नाही घेतला, इमारत घेतली."

"हे माझ्या एकट्याकडून नाही, सोसायटी—"

"सोसायटीचे सेक्रेटरी कोण?"

ओगल्यांनी कप उचलला. तो रिकामा होता.

"शिवाय आम्हाला गरज काय? आकडा पाहिलात ना आमचा?"

इथे ओगले बोलू शकले असते. वाक्य तयार होतं, तोंडापर्यंत आलंही होतं: तो आकडा खोटा आहे, आणि आमच्यामुळे खोटा आहे. पण तेवढ्यात सुलभाताई बशीतून शेव घेऊन आल्या, आणि त्या शेवेबरोबर ते वाक्य ओगल्यांनी गिळलं.

निघताना शाल्मली जिन्यापर्यंत आली. "बाबा, हे तारेचं काय काढलंत मध्येच?"

"काही नाही गं. चांगलं तांबं आहे, वाया जाऊ नये म्हणून."

"मागच्या भिंतीला खाली तपकिरी डाग आलेत. स्वयंपाकघरात खांबापाशी हात लावला की माती निघते. त्याचा काही संबंध आहे का?"

"खारा वारा," ओगले म्हणाले. "इथे सगळ्यांकडेच तसं होतं." आणि बापाचं कर्तव्य म्हणून वर सल्लाही दिला, "रंग लावून घ्या."

तिने रंग लावून घेतला. आकाशी.

नंतर ओगल्यांनी जे केलं ते सगळं चोरून केलं, आणि चोरून केलेल्या चांगल्या कामाचं जे होतं ते झालं. त्यांनी एकदा पेटीचा करंट निम्म्यावर आणला. पेटी हुशार होती. तिने कमिटीच्या सगळ्या फोनवर तक्रार पाठवली. प्रभुदेसाई बनियनवर खाली आले. "ओगले, तुम्ही सोसायटीचे सेक्रेटरी आहात की नागवेकरांचे?" कुलूप बदललं, किल्ली अध्यक्षांकडे गेली. मग ओगल्यांनी नगरपालिकेत निनावी तक्रार केली. तिथून माणूस आला, विद्याधामच्या फलकावरचा हिरवा आकडा पाहून, तक्रार खोडसाळ आहे असा शेरा मारून गेला. त्यांनी जावयाला, सुयोगला, किनारा सोडून आत कुठे बदली घे म्हणून सुचवलं. सुयोग बंदरावरच्या शीतगृहात होता. "मासे आत कुठे मिळणार, बाबा?" तो म्हणाला. त्यात तथ्य होतं.

एक वाक्य सोडून त्यांनी सगळं करून पाहिलं.

शैलाताईंना त्यांनी सांगितलं होतं. त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "अहो, जाऊन सांगून या. फार तर चपला घालतील." मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाल्या, "पण तिला नंतर तिथेच राहायचंय. बाप तसला म्हणून रोज ऐकेल." आणि त्याही गप्प झाल्या. अशा रीतीने पेटी वर्ष-दोन वर्षं निर्विघ्न चालली. हळब्यांच्या भाचीचं लग्न झालं.

गॅलरी पडली ती भर दुपारी. विद्याधामची मागची, तिसऱ्या मजल्यावरची. आवाज फार मोठा झाला नाही. सुलभाताई आमसुलं वाळत घालत होत्या. एक ताट ठेवून दुसरं आणायला त्या आत वळल्या आणि दारात आल्या, तर समोर गॅलरी नव्हती. खाली ताट, कपडे वाळत घालायची दोरी आणि काँक्रीटचा ढीग. त्या हातातलं ताट घेऊन उंबऱ्यावर तशाच उभ्या राहिल्या. सुयोगने येऊन ताट काढून घेतलं, तरी त्यांचे हात ताट धरल्यासारखेच राहिले होते.

मग नगरपालिकेने खरोखरचा इंजिनियर पाठवला. त्याने गॅलरीखालचे, खचलेले मागचे खांब पायापाशी फोडले. अंगठ्याएवढ्या सळ्या असायला हव्या होत्या तिथे सुतळीएवढ्या निघाल्या, आणि काही ठिकाणी नुसतीच सळीच्या आकाराची पोकळी, आत काळं पाणी. पुढचे खांब नव्यासारखे. फाटकावर आकडा हिरवा. इंजिनियरने मान खाजवली आणि आठवड्यात इमारत रिकामी करा असा हुकूम लिहिला.

आवारात सामान उतरायला लागलं. कपाटं, गाद्या, खोकी, देव्हारे. निवृत्त शिक्षकांच्या इमारतीत सगळ्यात जास्त काय निघालं, तर पुस्तकं आणि नकाशे. जलतरंगचे लोक काचेच्या गॅलऱ्यांतून बघत होते. काहींनी पाण्याच्या बाटल्या पाठवल्या.

ओगले फाटकातून गेले नाहीत. छातीएवढं कुंपण, गुडघा दुखत असताना, त्यांनी ओलांडलं. कुंपणावरून उतरताना लेंगा अडकून फाटला. आवारातले सगळे थांबून बघायला लागले. ओगले फाटक्या लेंग्यानिशी गुरुजींसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "हे आमच्यामुळे झालं. आमच्या यंत्राने तुमचं लोखंड खाल्लं. कांडीची जागा मी आखली होती. आणि मला हे दोन वर्षं माहीत आहे."

वरच्या गॅलरीतून प्रभुदेसाई ओरडले, "ओगले, एक शब्द बोलू नका!" पण सगळे शब्द बोलून झाले होते.

गुरुजी एका खोक्यावर बसले. बराच वेळ त्यांनी चष्म्याच्या काड्या नीट केल्या.

"ती तार," ते म्हणाले. "ती यासाठी होती?"

"हो."

"मग तसं का नाही सांगितलंत?" आवाज चढलेला नव्हता. वर्गात मागच्या बाकावरच्या मुलाला विचारावं तसा होता. "आमचा अपराध झालाय, ही तार लावू द्या, असं म्हणाला असतात, तर तुमची तार मी स्वतः खांद्यावरून आणली असती. तुम्ही अपराध घेऊन यायला हवं होतं, ओगलेसाहेब. तुम्ही आहेर घेऊन आलात."

ओगल्यांनी मान खाली घातली. मग त्यांना आठवलं की आपण आणखी काहीतरी बोलायला आलोय. "आमच्याकडे चला सगळे. खोल्या आहेत. मला माहीत आहे तुम्ही मुलीच्या बापाकडे…"

"येतो," गुरुजी म्हणाले.

सुलभाताईंनी चमकून पाहिलं.

"हा आहेर नाही, भरपाई आहे. भरपाई मी घेतो. माझी आहे ती." ते उठले. "आमची सोसायटी दावा करेलच. त्यात तुम्ही हेच सांगायचं, जसं आत्ता सांगितलंत तसं."

"सांगेन."

शाल्मली पुस्तकांचं खोकं दोरीने बांधत होती. तिने गाठ मारली, ओढून पाहिली, आणि मग वर बघितलं.

"त्या दिवशी मी विचारलं होतं तुम्हाला," ती म्हणाली. "डागांचा काही संबंध आहे का म्हणून. मी रंग लावला, बाबा. स्टुलावर चढून, त्याच खांबाला टेकून."

"शाले—"

"आत्ता आई गॅलरीत असेल ना? तिला खाली बोलवा. मला तिला भेटून निघायचंय."

"निघायचंय म्हणजे? तुझी खोली तशीच ठेवलीय."

"सासूबाई-गुरुजी येतायत ना? येऊ देत. त्यांचा हक्क आहे." ती दुसऱ्या खोक्याकडे वळली. "मला नाही त्या घरात झोप लागणार. त्याच्या भिंती कशावर उभ्या आहेत ते मला माहीत आहे आता."

पुढचं रीतसर झालं. दावा लागला, ओगल्यांनी साक्ष दिली, आणि जलतरंगच्या लोकांनी जिन्यात त्यांच्याशी बोलणं सोडलं. कोर्टाच्या हुकमाने कांडी उपटून आवाराच्या मधोमध, जिथे ती आराखड्यात होती तिथेच पुरली गेली. दोन गाड्या रस्त्यावर आल्या. विद्याधाम पाडलं तेव्हा हळब्यांनी धुळीबद्दल तक्रार केली.

गुरुजी आणि सुलभाताई ओगल्यांच्या पुढच्या खोलीत राहू लागले. गुरुजींनी पहिल्याच दिवशी भरपाईची व्याप्ती स्पष्ट केली: दोन वेळचं जेवण, दोन वेळचा चहा, एक खोली. शैलाताईंनी शिरा केला तेव्हा त्यांनी वाटी बाजूला सारली. "गोड नको. गोड भरपाईत बसत नाही." एरवी मात्र ते अतिशय नीट वागत. ओगल्यांना वर्तमानपत्र आधी देत, गुडघ्याला लावायचं तेल आणून देत, आणि कधी एका शब्दाने मागचं काढत नसत. ओगल्यांना वाटे की काढतील तर बरं.

शाल्मली आणि सुयोग घाटाच्या पायथ्याला तालुक्याच्या गावी राहायला गेले. तिथल्या हवेत मीठ नव्हतं. सुयोगने शीतगृह सोडून दुधाच्या डेअरीत नोकरी धरली. दर रविवारी शाल्मली एसटीने येई आणि जलतरंगच्या फाटकाबाहेर, रिक्षा थांब्याच्या बाकावर बसे. गुरुजी, सुलभाताई आणि शैलाताई खाली जात. तास-दीड तास चौघं बोलत, हसतही. शैलाताई डबा नेत, ती डबा घेई. ओगले पडद्याआडून बघत. खाली जायला त्यांना कुणी मनाई केली नव्हती. ते एकदा गेलेही होते. ती उठून उभी राहिली होती, परक्या वयस्क माणसासाठी उठतात तशी, आणि एसटीची वेळ झाली म्हणून निघून गेली होती. एसटीला तेव्हा बराच अवकाश होता. त्यानंतर ते गेले नाहीत, निदान बाकीच्यांना तरी ती पुरी मिळावी म्हणून.

असाच एक रविवार. बायका अजून खालीच होत्या. गुरुजी एकटे वर आले, चपला दाराशी जोडून ठेवल्या, आणि खुर्चीत बसले. ओगल्यांनी त्यांना पाणी दिलं.

"कशी आहे?"

"बरी आहे. तिकडच्या शाळेत लागली. पाचवीला शिकवते."

"वा." ओगले थोडे थांबले. दर रविवारी थांबत तेवढेच. "माझं काही विचारलं?"

"नाही."

"काहीच नाही?"

"तुमचा गुडघा सुजलाय, असं मी सांगितलं. आपणहून."

"मग?"

"तिने ऐकून घेतलं."

ओगले पुढे सरकले. खुर्चीच्या अगदी कडेवर आले. "ऐकून घेतलं म्हणजे कसं? म्हणजे चेहरा वगैरे…"

गुरुजींनी पेला खाली ठेवला. आयुष्यात त्यांनी मुलांना खोटे गुण दिले नव्हते, पालकांनी पाय धरले तरी. क्षणभर त्यांनी ओगल्यांकडे अशा नजरेने पाहिलं की आज ते एखादा गुण वाढवून देतील असं वाटावं.

"ऐकून घेतलं, व्याहीबुवा," ते म्हणाले. "त्यात जास्त काही नव्हतं. असतं तर सांगितलं असतं."